इचिरो सुझुकी, २००१ ते २०१०: फ्लेक्सवर काय लिहावं आणि पोरांकडून काय करून घ्यावं?

जुळे_सोलापूर

मंडळी, शाळेच्या क्रीडा खोलीत सहा बाय चारचा फ्लेक्स लावायचा आहे. विषय बेसबॉलपटू इचिरो सुझुकी, सिएटल मरिनर्सचा राइट फिल्डर (बॅटरच्या उजव्या हाताला, लांब उभा राहणारा फिल्डर), २००१ ते २०१० ही दहा वर्षं. संघ सतरा वर्षांखालचा. पोरं क्रिकेटमधून आलेली, त्यामुळे बॉल मैदानाबाहेर गेला तरच बॅटिंग झाली अशी त्यांची पक्की समजूत. म्हणून मुद्दामच होमरनवाला सोडून हा माणूस निवडला.

अडचणी अशा: हिटचा, म्हणजे स्वतःच्या फटक्यावर बेस गाठल्याचा, आकडा कुठे ३०८९ दिसतो, कुठे ४३६७. नुसत्या दहा वर्षांचा किती? गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम फिल्डिंगचं बक्षीस, दहा वेळा मिळाला हे समजलं, पण फिल्डिंगमध्ये नेमकं काय केलं ते पोरांना दोन ओळींत कसं सांगायचं? आणि मुख्य म्हणजे, यातलं काय आपल्या मुरमाच्या मैदानावर संध्याकाळच्या दीड तासात शिकवता येईल? बॅटा बहुतेक ॲल्युमिनियमच्या आहेत, लाकडी दोनच.

स्कोअरबुक_बाळीवेस

सर, दोन्ही आकडे बरोबर आहेत. ३०८९ हे अमेरिकेच्या मेजर लीगमधले, २००१ ते २०१९. त्याआधी जपानमध्ये ओरिक्स ब्लूवेव्हकडून खेळताना १२७८ झाले. दोन्हींची बेरीज ४३६७. तुमच्या फ्लेक्सवर यातला कुठलाच नको. दहा वर्षांचे हिट २२४४, ॲट-बॅट ६७७९, सरासरी .३३१. वर्षवार घ्या, क्रम हिट, ॲट-बॅट (बॅटिंगच्या हिशेबात धरलेल्या पाळ्या), सरासरी, चोरलेले बेस (फटक्याशिवाय पळून गाठलेले) असा:

२००१: २४२, ६९२, .३५०, ५६
२००२: २०८, ६४७, .३२१, ३१
२००३: २१२, ६७९, .३१२, ३४
२००४: २६२, ७०४, .३७२, ३६
२००५: २०६, ६७९, .३०३, ३३
२००६: २२४, ६९५, .३२२, ४५
२००७: २३८, ६७८, .३५१, ३७
२००८: २१३, ६८६, .३१०, ४३
२००९: २२५, ६३९, .३५२, २६
२०१०: २१४, ६८०, .३१५, ४२

चोरलेले बेस एकूण ३८३, होमरन फक्त ९०. दहाही वर्षं २०० च्या वर हिट, दहाही वर्षं ऑल-स्टार, दहाही वर्षं गोल्ड ग्लव्ह. २०११ मध्ये १८४ हिट झाले आणि तिन्ही साखळ्या एकाच वर्षी तुटल्या. सलग २०० चा आधीचा विक्रम विली कीलरचा, १८९४ ते १९०१, आठ वर्षांचा. तो २००९ मध्ये मोडला. पीट रोझनेही दहा वेळा २०० केले आहेत, पण सलग नाहीत.

मला विचाराल तर फोटोखाली सगळ्यात मोठ्या अक्षरात १५८८ लिहा. दहा वर्षांत १६२० सामने होते, त्यातले हा १५८८ खेळला. २००९ सोडलं तर एकाही वर्षी १५७ च्या खाली नाही. त्या वर्षी सुरुवातीला पोटातल्या अल्सरमुळे आणि पुढे पोटरीच्या दुखण्यामुळे १४६ वर थांबला, तरी हिट २२५. रोज मैदानात उतरल्याशिवाय ६८० ॲट-बॅट मिळत नाहीत, आणि तेवढे मिळाल्याशिवाय २०० हिटचं गणित बसत नाही.

२००४ वेगळा चौकोन करून टाका. २६२ पैकी सिंगल (एका बेसचा हिट) २२५, डबल (दोन बेसचा) २४, ट्रिपल (तीन बेसचा) ५, होमरन ८. जॉर्ज सिसलरचा २५७ चा विक्रम १९२० चा होता, चौऱ्याऐंशी वर्षं टिकलेला. तो १ ऑक्टोबर २००४ ला सिएटलमध्येच मोडला. सिसलरच्या वेळी हंगाम १५४ सामन्यांचा होता आणि इचिरोच्या वेळी १६२ चा, हे खाली बारीक अक्षरात लिहाच. एखादं चौकस पोरगं विचारणारच. आणखी एक: त्या वर्षी मरिनर्स ६३ जिंकले, ९९ हरले.

आता तुमच्या स्वतःच्या स्कोअरबुकाचं. शाळेच्या सामन्यांत पोरांची सरासरी .६०० वगैरे निघते, कारण बेसवर पोचला की हिट लिहून मोकळे होतात. फिल्डरच्या चुकीवर पोचला तर हिट नाही. फिल्डरने दुसऱ्या रनरला आउट करायला बॉल तिकडे टाकला म्हणून हा वाचला, तरीही नाही. या दोन्ही वेळा ॲट-बॅट मात्र मोजायचा. वॉक (चार चुकीच्या बॉलवर फुकट पहिला बेस) मिळाला, बॉल अंगावर लागला किंवा सॅक्रिफाइस केला (स्वतः आउट होऊन रनरला पुढे नेलं) तर ॲट-बॅटही मोजायचा नाही. २१ ॲट-बॅटमध्ये ७ हिट म्हणजे .३३३. दशांशानंतर तीन आकडे, आणि सामने पाच-सहाच झाले असतील तर सरासरी भिंतीवर लावू नका.

डावखुरा

स्कोअरबुकने सगळं दिलं, आता २२५ सिंगल आले कुठून ते बघू.

होमपासून पहिला बेस २७.४३ मीटर. डावखुरा बॅटर मुळातच पहिल्या बेसच्या बाजूला उभा असतो, त्याचं दीड-दोन पावलं अंतर वाचतं. शिवाय स्विंग संपताना त्याचं अंग आपोआप त्याच दिशेला वळतं. उजव्याला आधी थांबून वळावं लागतं. इचिरो मूळचा उजवाच, थ्रो उजव्या हाताने. बॅटिंग लहानपणापासून डावीकडून. स्काउट लोक स्टॉपवॉच लावतात तेव्हा डावखुऱ्याला ४.२ सेकंद ठीक आणि ४.० म्हणजे चपळ धरतात. इचिरो चारच्या आत पोचायचा. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरने) जरा खोलात जाऊन बॉल उचलला तर त्याचा थ्रो ३५ ते ४० मीटरचा होतो. बॉल ग्लव्हमधून काढताना अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला की हा सेफ. म्हणून इनफिल्ड (बेसजवळचे फिल्डर) पुढे सरकायचं, आणि ते पुढे आलं की त्यांच्या मधून बॉल काढायला जागा मोठी. पायाचा धाक असा दोन्हीकडून कामाला येतो.

शिकवताना पोरं नक्कल कशाची करतात? तर तो धावत धावत मारतो त्याची. ते नको! व्हिडिओ हळू करून दाखवा. उजवा पाय उचलून पुढे टेकला, वजन पुढे सरकलं, पण बॉल बॅटला लागेपर्यंत डोकं आणि हात मागेच आहेत. धाव त्यानंतर. पोरं आधी खांदा उघडतात, नजर पहिल्या बेसकडे जाते, बॅटचं टोक मागे ओढलं जातं, आणि बाहेरच्या बॉलवर एक तर बॅट नुसतीच हवेत फिरते नाहीतर पिचरच्या हातात पॉप-अप (सोपा उंच झेल). इचिरोच्या फटक्याचं मूळ त्याच्या हातात होतं, पायात नाही.

टी (बॉल ठेवायचा उभा दांडा) लावा, कमरेच्या उंचीवर, होमच्या बाहेरच्या कडेला, पुढच्या पायाच्या किंचित मागे. प्रत्येकाला दहाच्या तीन फेऱ्या. लक्ष्य दोन शंकूंच्या मधलं: शॉर्टस्टॉप आणि तिसरा बेस यांच्यामध्ये (बॅटर उजवा असेल तर पहिला आणि दुसरा बेस यांच्यामध्ये) एकमेकांपासून चार मीटरवर दोन शंकू ठेवा. बॉल जमिनीवरून किंवा गुडघ्याच्या उंचीने त्यातून गेला तरच मोजा. हवेत गेला तर शून्य, कितीही लांब गेला तरी. क्रिकेटमधून आलेल्या पोरांना याचाच राग येतो, पण दोन आठवड्यांत सवय लागते.

मग धाव. घड्याळ बॅटला बॉल लागल्याच्या आवाजावर सुरू, पाय बेसला लागला की बंद. पहिल्या बेसच्या पुढे पळत जाता येतं, म्हणून बेसवर थांबायचं नाही. बेसच्या पुढच्या कडेवर पाय, आणि वेग तसाच ठेवून चार-पाच पावलं सरळ पुढे. तीन चुका ठरलेल्या: बॉल कुठे गेला ते बघत पळणं, शेवटच्या पावलाला उडी मारणं, आणि बेसवर घसरत जाणं. उडीत पाय हवेत असतो तेवढा वेळ वाया जातो. घसरण्यात त्याहून जास्त जातो, वर मुरमात मांडी सोलते ती वेगळीच.

थर्डबेस_कोच

फिल्डिंगसाठी दोन ओळी हव्यात ना? पहिली: ११ एप्रिल २००१, ओकलंड. दुसरी: मे २००५, सिएटल, भिंतीवर चढून गॅरेट अँडरसनचा होमरन ग्लव्हमध्ये. दुसरी फोटोत छान दिसते. पोरांच्या कामाची पहिली.

आठवी इनिंग. टेरेन्स लाँग पहिल्या बेसवर, रॅमन हर्नांडेझने राइट फिल्डला सिंगल मारला. अशा सिंगलवर रनर तिसऱ्यापर्यंत जातोच, कारण राइट फिल्डमधून सगळ्यात लांब बेस तोच. सिंगल जिथे उचलला जातो तिथून तो साधारण ६५ मीटरवर पडतो. लाँग निघाला. इचिरोने पुढे येऊन बॉल उचलला आणि कुणाच्या मदतीशिवाय, वर न चढणारा थ्रो थेट तिसऱ्या बेसवर डेव्हिड बेलकडे टाकला. बेलला ग्लव्ह हलवावाच लागला नाही, नुसता टॅग (बॉल रनरला लावणं). लाँग आउट. हा इचिरोचा मेजर लीगमधला दुसराच आठवडा होता, तिथल्या रनर लोकांना त्याचा हात अजून माहीत नव्हता.

यातली मेख अशी की त्यानंतर रनर दुसऱ्या बेसवरच थांबायला लागले. न निघालेला रनर कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. म्हणून आउटफिल्डरच्या (लांब उभ्या फिल्डरच्या) असिस्टचा, म्हणजे त्याच्या थ्रोवर आउट झालेल्यांचा, आकडा एकटा बघून हात मोजू नये. हात जितका दरारा बसवतो तितके असिस्ट कमी मिळतात.

फ्लेक्सवर राइट फिल्डर लिहाल तेव्हा एक तळटीप द्या. २००६ च्या ऑगस्टमध्ये तो सेंटर फिल्डला गेला, २००७ चा पूर्ण हंगाम तिथेच होता, २००८ च्या मध्यात परत राइटला आला. म्हणजे दहापैकी २००७ चा गोल्ड ग्लव्ह सेंटर फिल्डमधला. त्या काळात आउटफिल्डचे तीन ग्लव्ह जागा न बघता द्यायचे. लेफ्ट, सेंटर, राइट असे वेगळे २०११ पासून झाले.

आता तुमचं मैदान. क्रिकेटमधून आलेलं पोरगं बॉल पळता पळता एका हाताने उचलतं आणि कमरेच्या उंचीवरून आडवा हात फिरवतं. २५ मीटरला चालतं. ५० मीटरला तोच बॉल बाजूला वळत जातो आणि बेसपासून दोन मीटर लांब पडतो. शिवाय क्रिकेटमध्ये थ्रो यष्टींच्या वर हवा असतो. इथे टॅग करायचा असतो, म्हणून बॉल गुडघ्याखाली, रनर ज्या कडेने येतो त्या कडेला हवा. छातीच्या उंचीवर आलेला अचूक थ्रो खाली आणेपर्यंत रनर घसरून आत गेलेला असतो.

क्रम असा लावा. बॉल उचलायला सरळ रेषेत धावू नका, किंचित डावीकडून वळसा घेऊन या, म्हणजे उचलताना अंग तिसऱ्या बेसच्या दिशेने चाललेलं असतं. ग्लव्हच्या बाजूचा पाय पुढे असताना बॉल उचला. ग्लव्ह छातीपाशी आणा, तिथेच बोटं आडव्या शिवणीवर बसवा, दोन बोटं शिवणीला काटकोनात, अंगठा खाली. मग क्रो हॉप: उजवा पाय डाव्याच्या पुढून, घोटा बेसला आडवा, छोटी सपाट उडी. इथेच पोरं वर उडतात, उंच उडी म्हणजे सगळा वेग आकाशात. नंतर डावा खांदा बेसकडे, कोपर खांद्याच्या उंचीला, हात वरून खाली.

निशाणा बेस नव्हे, कट-ऑफचं (वाटेत थ्रो अडवायला उभ्या फिल्डरचं) डोकं. राइटमधून तिसऱ्याला थ्रो असेल तर कट-ऑफ शॉर्टस्टॉप, बेसच्या १५ ते २० मीटर पुढे, थ्रोच्या रेषेत, दोन्ही हात वर. त्याच्या डोक्याच्या उंचीने बॉल गेला तर तो अडवूही शकतो आणि सोडलाच तर बॉल एका टप्प्यात बेसवर पोचतो. मुरमावर टप्पा बेसच्या पाच मीटर अलीकडे पडू द्या. त्याहून जवळ पडला तर खड्यावरून उसळून तिसऱ्या बेसवाल्याच्या तोंडावर येतो.

सतरा वर्षांखालच्यांना ६५ मीटरचा थेट थ्रो मागू नका. ४५ मीटर आणि कट-ऑफ पुरे. आधी १५, मग २५, मग ३५ मीटर असं अंतर वाढवत हात गरम करा. पूर्ण जोराचे थ्रो एका संध्याकाळी पंचवीसच्या वर नकोत. कोपर खाली पडायला लागलं की त्या दिवसापुरतं थांबवा, कारण थकलेल्या हाताने चुकीची सवयच पक्की होते.

होटगी_रोड

फ्लेक्स लावा की, पण पोरांना एकच बाजू का दाखवताय? २००४ मध्ये इचिरोचे २६२ हिट, सरासरी .३७२, बेसवर पोचण्याचं प्रमाण .४१४. त्याच वर्षी होमरनवाल्या बॅरी बाँड्सचे १३५ हिट, सरासरी .३६२, पण वॉक २३२, त्यामुळे बेसवर पोचण्याचं प्रमाण .६०९, वर ४५ होमरन. इचिरोला वॉक किती? ४९. २००१ च्या एमव्हीपीला (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या बक्षिसाला) जेसन जियांबीशी फरक फक्त आठ गुणांचा, २८९ विरुद्ध २८१, आणि जियांबीचं बेसवर पोचण्याचं प्रमाण .४७७. शिवाय दहा वर्षांत मरिनर्स प्लेऑफला (हंगामानंतरच्या बाद फेरीला) एकदाच गेले, २००१ ला, ११६ सामने जिंकून. गोल्ड ग्लव्ह म्हणाल तर त्या काळी ती मॅनेजर आणि कोच लोकांची मतं होती. एकदा नाव झालं की पुढच्या वर्षी हात आपोआप त्याच नावावर जातो.

स्कोअरबुक_बाळीवेस

काय बे होटगी, बाँड्सला निम्मे-शिम्मे वॉक पिचरने मुद्दाम दिलेले, २३२ पैकी १२०. तो मोजमापाचा माणूसच नाही, त्याच्याशी तुलना केली तर कोणीच उरत नाही.

पण वॉकचा मुद्दा खरा आहे, आणि सर, फ्लेक्सवर .४१४ सुद्धा लिहा. इचिरो पहिला बॅटर होता. पहिल्या बॅटरने वॉक घेतला काय आणि सिंगल मारला काय, बेस रिकामे असताना फरक शून्य. रनर दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर असताना मात्र सिंगल रन आणतो, वॉक नाही. प्लेऑफचा दोष एकट्या राइट फिल्डरवर कसा टाकणार? २००१ च्या क्लीव्हलँडविरुद्धच्या मालिकेत तो २० ॲट-बॅटमध्ये १२ हिट मारून बसला होता.

बेस चोरण्याचंही बघ. २००६ मध्ये ४७ वेळा निघाला, ४५ वेळा सेफ. नुसता ४५ हा आकडा काही सांगत नाही. ४५ चोरून २० वेळा सापडला असता तर संघाचं नुकसान झालं असतं. आपल्या पोरांच्या वहीत चोरलेला बेस लिहिला जातो, सापडलेला लिहीतच नाहीत. तो रकाना आधी आखा.

गोल्ड ग्लव्हमध्ये नावाचा वाटा असतो, मान्य. पण दहा वर्षं मतं देणारे लोक त्याच्यासमोर स्वतःचे रनर थांबवत होते.

जुळे_सोलापूर

आभारी आहे सगळ्यांचा. डिझायनरला १५८८, २२४४ आणि वर्षवार तक्ता पाठवला, २००७ ची तळटीप आणि .४१४ सुद्धा.

आणखी दोन विचारतो. संघात दोन पोरं पळायला जबरदस्त आहेत, दोघंही उजवी. त्यांना डावीकडून उभं करू का? आणि राइट फिल्डरचे उंच झेल संध्याकाळी सारखे सुटतात. होम प्लेट मैदानाच्या पश्चिमेकडे आहे, बॅटरचं तोंड पूर्वेला.

डावखुरा

जिल्ह्याच्या सामन्यांना महिनाच असेल तर करू नका. टीवर रोज तीस स्विंग डावीकडून घेऊ द्या, सामन्यात उजवीकडूनच. टीवर जमलं, मग समोरून हळू टाकलेले बॉल, त्यानंतर पिचर, असा तीन-चार महिन्यांचा हिशेब आहे. घाईने वळवलेल्या पोराला अंगावर येणाऱ्या बॉलपासून हटायचं कसं ते कळत नाही, खांदा पुढे घालून बसतं. हे बघायला आधी टेनिस बॉल टाका, अंग आत वळवून पाठीवर घ्यायला शिकवा. दोघांपैकी ज्याचा खालचा हात म्हणजे उजवा मनगटात ताकदवान आहे, त्याला आधी घ्या.

लाकडी बॅटांचंही सांगतो. ॲशची असेल तर छाप वर आभाळाकडे ठेवून मारायचं, म्हणजे बॉल रेषांच्या कडेवर लागतो. छाप पिचरकडे किंवा मागे वळली की पापुद्रे सुटतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पत्र्याखाली बॅट ठेवली तर लाकूड वाळून हलकं आणि ठिसूळ होतं. इचिरो आपल्या बॅटा ओलावा सांभाळणाऱ्या पेटीत ठेवायचा. तुम्ही निदान पत्र्याच्या खोलीतून काढून कपाटात, जमिनीला न टेकता, आडव्या ठेवा.

थर्डबेस_कोच

झेल पोरांमुळे सुटत नाहीत, सूर्यामुळे सुटतात. बॅटरचं तोंड पूर्वेला म्हणजे राइट फिल्डर दक्षिणेकडच्या बाजूला उभा आणि साडेपाचला सूर्य त्याच्या थेट डोळ्यांत. मैदान फिरवता येत असेल तर सरावापुरती होम प्लेट उत्तरेला नेऊन बॅटरचं तोंड दक्षिणेला करा, तेव्हा राइट फिल्डर पश्चिमेला पाठ करून उभा राहतो. पण सामन्याचं मैदान फिरवता येणार नाही, म्हणून हे शिकवाच: ग्लव्ह बॉलसमोर नाही, सूर्यासमोर धरायचा, बॉल त्याच्या कडेखालून बघायचा. अंग बॉलच्या रेषेत न ठेवता दोन पावलं बाजूला घ्यायचं, म्हणजे बॉल सूर्यातून बाहेर येतो. शेवटच्या क्षणी दोन पावलं परत आत. सेंटर फिल्डरने तोंडाने सांगत राहायचं, मागे की पुढे. दहा झेल टेनिस बॉलवर, मगच खरा बॉल. टोपीचा पुढचा भाग वर करून फिरणाऱ्याला मैदानात उभं करू नका.